थांबा हाय, डेपो नाय

माझे अक्षर कोंबडीने पाय उमटवल्यासारखे आहे आणि शुद्धलेखन चौथीत सुटले ते सुटलेच. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. आमचे शेजारी धोंडू उतेकर मात्र दहावी पास आहेत. तीस वर्षे एसटीत कंडक्टर होते आणि आता निवृत्त होऊन कुत्र्यांना घंटा वाजवून जेवायला घालतात. शिकून माणूस कुठे पोचतो हे मी त्यांच्याकडे बघून ठरवले आहे.

पोलादपुरात हायवेपासून जरा आत आमची दोन घरे लागून आहेत. त्यांच्या पडवीत भंगारातून आणलेले एसटीचे बाक आहे आणि वाशाला दोरी बांधून घंटा लावली आहे. सकाळी सातला एक घंटा झाली की सगळी कुत्री जागच्या जागी बसतात. दोन घंटा झाल्या की भातावर तुटून पडतात. कोणी मध्येच घुसले तर कंडक्टर ओरडतात, "ए, दारात गर्दी करू नको! पुढं सरक, पुढं जागा हाय!"

कुत्रे जिथे जखमी सापडले त्या जागेचे नाव त्याला. त्यामुळे दिवसभर आमच्या कानावर येते, "आंबेनळी, चप्पल सोड! बिरवाडी, खाली उतर!" नवा माणूस ऐकेल तर म्हणेल, ह्याची गाडी अजून चालूच आहे.

त्यांचा मुंबईचा मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, आधी ती कुत्री काढा, मग आम्ही येतो." कंडक्टर म्हणतात, "ह्या गाडीला जागा नाय. मागच्या गाडीनं ये." आणि फोन ठेवून देतात. मग बराच वेळ कोणत्या तरी कुत्र्याच्या गोचिड्या काढत बसतात.

"एवढी कशाला पाळता?" असे कोणी विचारले की त्यांना राग येतो. "पाळतो कोण? हा थांबा हाय, डेपो नाय. बरं झालं की चांगलं घर बघायचं नि रवाना करायचं."

आता चांगले घर म्हणजे काय ते ऐका. मुलगी देताना बाप इतकी चौकशी करत नाही. एका दुकानदाराला गोदामासाठी कुत्रे हवे होते, त्याला म्हणाले, "वॉचमन हवाय तर पगार दे." एका घरी न सांगता गेले, दोन कप चहा प्यायले आणि दिवाळीत फटाक्यांची माळ लावता का विचारून नकार देऊन आले. चहा मात्र चांगला होता म्हणाले.

सगळ्यात लाडकी कशेडी. घाटात ट्रकखाली आलेली. कंडक्टरांनी तिला नव्या शर्टात गुंडाळून भाजीच्या टेम्पोतून महाडला डॉक्टरकडे नेले, आणि नेण्याआधी माझ्या दारात उभे राहिले. "वैनी, आठ हजार हायत का? पेन्शन आली की देतो." माझ्याकडे होते. स्वयंपाकघरावर पावसाआधी नवे पत्रे घालायचे म्हणून मी पापड लाटून साठवले होते. कशेडीचा चौथा पाय आणि माझे आठ हजार एकाच दिवशी गेले.

पेन्शन येत राहिली आणि आंबेनळीच्या खरजेत, बिरवाडीच्या सुयांत जात राहिली. मी चार वेळा पैसे मागायला गेले. तोंडातून शब्द फुटेना. काही तरी निमित्त हवे म्हणून हातात भाकऱ्या असायच्या, त्या देऊन परत यायचे. पाचव्या वेळी कुत्रीच माझी वाट बघत बसली होती.

कशेडीला बाकावरची दाराजवळची जागा मिळाली. ती कंडक्टरची सीट. कशेडी वर झोपायची आणि कंडक्टर खाली जमिनीवर बसून पेपर वाचायचे. मी एकदा म्हटले, "भाऊजी, तुम्ही खाली?" तर म्हणाले, "ती अपंग हाय गो वैनी. राखीव जागा हाय तिची."

महाडच्या एक शिक्षिका तिला न्यायला आल्या होत्या. ऑपरेशनचा सगळा खर्चही देते म्हणाल्या. कंडक्टर असे भडकले की बाई चपला हातात घेऊन निघाल्या. "पैसे घेऊन कुत्रं देणारा मी नव्हं!"

मे महिन्यात एका दुपारी वळवाची सर आली. कशेडी तीन पायांवर उड्या मारत माझ्या स्वयंपाकघरात शिरली. तिच्यामागून कंडक्टर. चुलीशेजारी मी घमेले ठेवले होते, दुसरीकडे पातेले. दोन्हींत टपटप चालू होती. त्यांनी वर बघितले.

"पत्रं घालायची होती ना, वैनी?"

"हो."

"मग?"

मी पातेले ओतून पुन्हा जागेवर ठेवले. त्यांनी कशेडीला उचलले आणि पावसातच गेले.

दोन दिवसांनी दारात रिक्षा थांबली. त्याच शिक्षिका. कंडक्टरांनी त्यांना ना फटाके विचारले, ना चहा मागितला. कशेडीला रिक्षात ठेवले, तिचे फडके दिले आणि म्हणाले, "ताक आवडतं तिला." मग पडवीत जाऊन दोन घंटा दिल्या. रिक्षा निघाली.

मला तेव्हा कळायला हवे होते. कळलेही असेल. पण माझे तोंड वेळेवर कधी उघडले आहे?

थोड्या वेळाने मी भाकऱ्या घेऊन गेले. बाकावरची दाराजवळची जागा रिकामी होती आणि कंडक्टर खाली जमिनीवरच बसले होते. त्यांनी खिशातून नोटा काढून पुढे केल्या.

"भाऊजी, राहू दे हो. बाईंना परत बोलवा," मी म्हटले. सहाव्या खेपेला माझ्या तोंडातून निघाले ते हे.

"गेलेली गाडी परत बोलवतात काय?" ते म्हणाले. "मोजून घ्या. नंतर तक्रार चालणार नाय."

मी त्यांच्यासमोर बसून मोजल्या. आठ हजार पुरे भरले.