वाघमारे अण्णांचा अर्धा सदरा

आमच्या गल्लीत कुणाकडे वॉशिंग मशीन आली, की पेढे वाटायच्या आधीच वाघमारे अण्णा दारात हजर. हातात कॅरीबॅग आणि तिच्यात अर्धा सदरा. अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा. जुना खाकी सदरा पाठीतून उभा कापलेला: एक बाही, एक खिसा, निम्मी कॉलर. एक अर्धं टॉप लोडसाठी, दुसरं फ्रंट लोडसाठी. दोन्हींना सारखीच हळद आणि सारखंच सायकलच्या चेनचं वंगण फासलेलं. "इन्साफ बराबर झाला पायजे मॅडम," असं म्हणून त्यांनी ती पिशवी माझ्या हातात ठेवली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. माझी नवीकोरी मशीन, आणि पहिलं धुणं यांच्या वंगणाचं!

अण्णा म्हणजे रिटायर्ड कंडक्टर. बत्तीस वर्षं बीड-केज रस्त्यावर उभ्यानं काढलेली, त्यामुळे हा माणूस बसत नाही. कुणाच्याही घरी गेले तरी दाराच्या चौकटीला खांदा लावून, पाय फाकवून उभे. जणू आमचं घर आत्ता मांजरसुंब्याच्या घाटात वळणार आहे. बसा म्हटलं की, "उभाच बरा हाय. बसलं की पाय वळवळतेत." चहासुद्धा उभ्यानं, आणि बशीतला संपायच्या आत निघालेले. सकाळी नेकनूरच्या स्टँडवर, दुपारी बीडच्या दुकानात, संध्याकाळी पुन्हा कुणाच्या तरी मशीनपुढे. त्यांच्याकडे नुसतं बघून मला दम लागायचा.

आणि हे सगळं कशासाठी, तर बायकोसाठी. सुमनकाकू अकरा महिने लातूरला लेकीकडे राहिल्या होत्या. विचारलं की अण्णांचं एकच उत्तर: "मशीन आली की ती येणार." आम्हा बायकांना त्याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. जन्मभर या माणसाचं खाकी धुणं दगडावर आपटून काकू कंटाळल्या आणि रुसून गेल्या. बरंच केलं! सगळी गल्ली काकूंच्या बाजूनं. आणि हा माणूस अकरा महिने मशीनच निवडतोय, म्हणून आमचा राग त्यांच्यावर.

अभ्यास मात्र पक्का. कुणी न विचारता सुरू व्हायचे, "टॉप लोड म्हंजे आपली साधी गाडी. मधीच हात केला की थांबती. मोजा ऱ्हायला, झाकण उघडा, टाका. नळ आला न्हाई तर वरून बादलीनं पाणी वता." आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो, त्यामुळे हा मुद्दा सगळ्यांना पटायचा. "आन् फ्रंट लोड?" असं कुणीतरी चावी द्यायचं. अण्णांचा चेहरा पडायचा. "ती लई शिस्तीची. पाणी कमी पिती, पण नळाला जोर पायजे. आन् डबल बेल पडली की दार बंद. स्टँड आल्याबिगर उघडत न्हाई. दीड घंटा! मानसाचा जीव घाबरा होतो."

"मग घ्या की टॉप लोड," असं म्हटलं तर मान हलवायचे आणि चालू पडायचे.

शिंदे वहिनींच्या टॉप लोडवर तर त्यांनी कहरच केला. अर्धा सदरा धुऊन झाला. अण्णा वहिनींना म्हणाले, "आता भायेर काढा. पर डाव्या हातानं. उजवा लावायचा न्हाई." वहिनींच्या साड्या आणि तो सदरा यांची आत चांगली वेणी पडलेली. वहिनी टाचा उंचावून एका हातानं ओढतायत, आणि हे दारातून, "डावा, वहिनी, डावाच." वहिनींनी शेवटी पिशवीसकट त्यांना बाहेर काढलं.

माझ्याकडे फ्रंट लोड. तिथं त्यांनी मला मशीनपुढे खुर्ची टाकून बसवलं आणि तोच हुकूम सोडला. मी शाळेत चाळीस पोरांना हुकूम सोडणारी बाई, पण बसले मुकाट्यानं. डाव्या हातानं ओढलं, तर सदरा सुळकन मांडीवर आला. "आवघड गेलं का? खरं सांगा."

"नाही गेलं," मी म्हणाले, आणि मग माझा तोल सुटला. "अण्णा, कुठली तरी एक घ्या आणि संपवा. त्या बिचारीला अजून किती दिवस लेकीच्या दारात ठेवणार? तुम्हाला काही वाटतं की नाही?"

अण्णांनी ओला सदरा पिशवीत घातला, "जयभीम मॅडम" म्हणाले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात बीडहून टेम्पो आला. फ्रंट लोड. अण्णांनी छतावर पाण्याची निराळी टाकी चढवली आणि मशीनखाली विटांचा ओटा बांधला. रविवारी लातूरच्या गाडीनं काकू आल्या. मी वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन भेटायला गेले, खरं तर अण्णांची तक्रार ऐकायला.

काकू मशीनपुढे खुर्चीवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, आणि तो ठेवला तसाच राहिला.

"ये गं," काकू म्हणाल्या. "लेकीकडं गेले आन् तिथंच उजव्या अंगावरनं वारं गेलं माझ्या. कुणाला सांगू नका म्हनलं यांला. लोकं बघाया येतेत आन् च्यक च्यक करतेत."

मला माझ्या डाव्या हाताची आठवण झाली, आणि त्या दिवशी मी काय काय बोलले त्याचीही. मला माझीच लाज वाटली.

"मी म्हनलं, घरातलं एक तरी काम माझ्या एकटीच्या हातचं असंल तरच येते," काकू सांगत होत्या. "न्हाईतर नुसतं बसून खायाला येत न्हाई मी."

बोलता बोलता त्यांनी डाव्या हातानं बादलीतले कपडे एकेक करून आत टाकले. शेवटी सदऱ्याची दोन अर्धं आली. ती त्यांनी उलटून पालटून पाहिली. "चांगला सदरा कावून फाडला, ईचार बरं यांला."

चौकटीत उभे असलेले अण्णा वर छताकडे बघत होते.

काकूंनी दार लावलं, बटण दाबलं. आत पाणी सुटलं. अण्णा आले आणि काकूंच्या खुर्चीशेजारी फरशीवर मांडी घालून बसले. मी त्या घराशेजारी चौदा वर्षं राहते. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"उठा की," काकू म्हणाल्या. "दीड घंटा लागंल. पाय वळवळतील तुमचे."

"दार लागलंय आता," अण्णा म्हणाले. "स्टँड आल्याबिगर कोन उतरतंय."