आत कोन हाय?

कल्लाप्पाण्णा सागवानाशी कन्नडात बोलतात आणि फणसाशी मराठीत. असं का, म्हणून विचारलं तर विचारणाऱ्याचीच त्यांना कीव येते.

"सागवान दांडेलीचं, बाई. त्येला मराठी कुटनं येनार? फणस आपल्या खानापूरचा. त्यो घरचाच."

आमचं गाव सीमाभागातलं; तिथं खासबागेत आमच्यापासून चौथं घर त्यांचं. मिस्त्रीकाम सोडून बरीच वर्षं झाली, पण लाकूड दिसलं की मधल्या बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचं, कान लावायचा आणि विचारायचं, "आत कोन हाय?" ही सवय काही सुटली नाही. एका लग्नात नवरदेव मखमली कोचावर बसला होता. अण्णा आशीर्वाद द्यायला गेले, कोचावर टकटक केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यात कोनच न्हाय." कोच प्लायवूडचा होता. पण नवरीच्या आत्याला वाटलं, हे नवरदेवाबद्दलच चाललंय. तिची समजूत काढेपर्यंत पंगत उठली.

त्यांचा खरा राग ऑइलपेंटवर. "जित्या लाकडाला भर उन्हाळ्यात गोधडी पांघरून बसिवत्यात," असं म्हणतात आणि रंगवलेल्या बाकावर बसत नाहीत. बँकेत गेले तरी उभेच.

आमच्या मागच्या दारी असाच एक गोधडी पांघरलेला लाकडी कट्टा होता. तो माझ्या यजमानांनी केला. त्यांना मी कधी नावानं हाक मारली नाही, इथंही 'हे' असंच लिहिते. ह्यांनी कणकुंबीच्या जंगलातल्या एका विश्रामगृहात लाकडी डेक पाहिला आणि तसाच आपल्या दारी हवा असं मनात घेतलं. गुंजीला एक जुनं घर उतरवत होते, तिथून फळ्या आणल्या. त्या आल्या त्याच हिरव्या रंगात.

"सागवान आहे," हे म्हणाले.

"खोक्याचं लाकूड असेल," मी म्हणाले. "तुम्हाला कोणीही फसवतं."

हा वाद दहा वर्षं चालला. एका कोपऱ्यात रंग खरवडून बघितलं असतं तर पाच मिनिटांत मिटला असता, पण तेवढं धाडस ह्यांना झालं नाही आणि मलाही नाही. उलट दर दिवाळीला हे त्यावर तांबड्या रंगाचा आणखी एक हात देत. संध्याकाळी त्याच कट्ट्यावर बसून आम्ही चहा घ्यायचो. गेल्या पावसाळ्यात हे गेले. त्यानंतर मी मागचं दार उघडलंच नाही.

रंगाला पोपडे आले. पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, खालचं लाकूड कुजलं असणार. पाय आत गेला तर काय करशील? पुढच्या रविवारी येतो, काढून टाकू आणि काँक्रीट घालू."

मी "बरं" म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच "बरं" म्हणत होते.

ही बातमी अण्णांना कशी कळली ठाऊक नाही. सोमवारी सकाळी ते मागच्या फाटकातून आत आले आणि कट्ट्यावर वाकून टकटक करू लागले. कितीतरी वेळ कान लावून होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते.

"रंग लई हाय, बाई. आवाजच भाईर येईना."

"मुलगा म्हणतो, कुजलंय."

"त्येनं बगितलंय व्हय आत? आदी गोधडी काढू. मग मेलंय का जितं हाय, बगू. रविवारपतोर येळ हाय न्हवं?"

मी नेहमीप्रमाणे "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते रंग काढायचा रिमूव्हर, पटाशी, पॉलिश पेपर आणि खिडकीच्या फुटक्या काचेचे चार तुकडे घेऊन हजर. नाकाला टॉवेल बांधलेला. घर चार पावलांवर, तरी कामाच्या जुन्या सवयीनं जेवणाचा डबाही बरोबर. रिमूव्हर लावला की रंगाला बुडबुडे येत, मग तो सालीसारखा निघे. राहिलेला रंग ते काचेच्या धारेनं खरवडत, तेही लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच. मुलानं फोनवर मशीन सुचवलं, तर म्हणाले, "मशीन रंगाबरबर लाकूडबी खातंय. त्येला कुठं थांबायचं कळत न्हाय."

पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. आत कोण आहे याचा पत्ता नसल्यामुळे अण्णा कट्ट्याशी चक्क हिंदीत बोलत होते.

"जरा सरको भाई. अभी हो गया. तकलीफ नहीं ना?"

"हिंदी कशाला, अण्णा?"

"आत कन्नड हाय का मराठी, कळंना न्हवं? तवर हिंदीत बोलायचं. कुनाला राग नको."

तीन दिवस हिंदी चाललं. मी स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसायचे आणि कान बाहेर. मला स्वतःचंच नवल वाटत होतं. कट्टा राहिला काय आणि गेला काय, असं मी म्हणत होते ते खोटं होतं. राहायला हवा होता. आणि इतकी वर्षं मी ज्या माणसाला फसलात म्हणून हसले, तो फसलेला नसायला हवा होता.

बुधवारी अण्णांना तांबड्या रंगात अडकलेला ब्रशचा एक केस दिसला. अण्णांनी काच खाली ठेवली.

"मालकांच्या हातचा हाय. ठिवू?"

मी खिडकीतूनच म्हणाले, "काढा."

"व्हय," ते म्हणाले आणि तेवढं पाठमोरे होऊन खरवडलं.

शुक्रवारी सकाळी मी भाजी निवडत होते. बाहेर खरवडण्याचा आवाज थांबला. एक दीर्घ श्वास ऐकू आला, वास घेतल्यासारखा. आणि मग अण्णांचा अगदी मऊ आवाज, "ह्यांग अदीरी?"

कशा आहात?

कन्नड! मी भाजी तशीच टाकून धावले. कित्येक महिन्यांनी मागच्या दाराची कडी काढली. हिरव्या रंगाखालून सोनेरी तपकिरी रेषा वर आल्या होत्या, सरळ आणि घट्ट. अण्णांनी पटाशीचं टोक दाबून दाखवलं. ते आत गेलं नाही.

"सागवान हाय. कुजलेलं न्हाय, काय न्हाय. मालक फसलं न्हाईत, बाई."

मी तिथंच पायरीवर बसले. रडूही आलं, पण त्याआधी हसू आलं.

दुपारपर्यंत पाचव्या फळीवरून हाळी आली, "आरं पिवळ्या, तू हितं लपलास व्हय?" तो फणस. सागवानाला अहो-जाहो आणि फणसाला अरे-तुरे. शेवटी हिशेब लागला, सात फळ्या कन्नड, चार मराठी. "तुमच्या कट्ट्यावरनंच सीमा गेलीया बगा," अण्णा म्हणाले. "पर भांडत न्हाईत बिचारी." एक फळी मात्र कोणाची ते त्यांनाही कळलं नाही. तिच्याशी ते शेवटपर्यंत हिंदीत बोलले.

रविवारी मुलगा आला, कट्ट्यावर दोन उड्या मारल्या आणि काँक्रीटचं नाव न काढता लाकडात मुरणाऱ्या स्टेनचा डबा आणून दिला. अण्णांनी डबा निरखला. "इंग्रजीत स्टेन म्हंजे डाग न्हवं? म्हंजे पाच दीस डाग काढायचा आनि सहाव्या दिवशी घालायचा." पण लावला. दोन हात, फडक्यानं पुसून पुसून, रेषा झाकू न देता.

सोमवारी मुलगा परत गेला. अण्णा शेवटचं फडकं मारत होते. मी सहज विचारलं, "अण्णा, सागवानाला एवढा मान का देता हो?"

ते फडकं घडी करत राहिले.

"आमची मंडळी धारवाडाकडची. लगीन झालं तवा तिला मराठीचा म न्हाय, मला कन्नड न्हाय. तिनंच शिकिवलं. रोज दुपारी दारात हुबी राहून इचारायची, 'ऊटा आतेन्री?' जेवला काय, म्हनून. ती जाऊन सा वर्सं झाली."

"पण कन्नड तर इथं सगळेच बोलतात."

"बोलत्यात की. मीबी बोलतो बाजारात. त्ये बाजाराचं कन्नड, बाई. घरचं कन्नड बोलायला कोन न्हाय. सूनबाय मराठी, नातवंडं इंग्लिश." मग कट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हनून ह्यांच्यासंगं."

मी आत गेले. दुपारचा एक वाजला होता. भाकऱ्या झाल्या होत्या, वांग्याची भाजी होती. बराच वेळ ओट्यापाशी उभी राहून मी ते दोन शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. मग मागच्या दारात जाऊन, चुकत-माकत, माझ्या पुस्तकी उच्चारात विचारलं,

"ऊटा आतेन्री, अण्णा?"

ते वळले नाहीत. घडी केलेलं फडकं उलगडून पुन्हा घडी करू लागले. पाठमोऱ्यानंच उत्तर आलं, "इन्ना इल्लरी." अजून नाही.

मी दोन ताटं वाढली आणि कट्ट्यावर नेली. नळापाशी त्यांचा जेवणाचा डबा दिसला. रिकामा, धुऊन पालथा घातलेला.