ताईचं बदक आणि त्याखालचं पाणी

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र आलं त्याच दिवशी मला राग आला, आणि राग आला की मला शब्द सुचत नाहीत. सुचलेच, तर आधी त्यातल्या चुका दिसतात! उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. दुसऱ्याची चुकलेली वेलांटी मी झोपेतही पकडीन, पण स्वतःचं एक वाक्य लिहायचं म्हटलं की पेन अडतं. "ती. ताईस" इथपर्यंत मी कितीतरी वेळा पोचलो. पुढे त्या "ती."नंतरच्या टिंबाकडे बघत बसायचो.

ताई ही माझी मोठी बहीण. दूरच्या गावात तिनं जन्मभर बालवाडी चालवली. आता गुडघे ऐकेनात म्हणून बालवाडी बंद करायची ठरली होती, आणि शेवटच्या दिवशी जुनी मुलं जमणार होती. त्यातली अर्धी आता टकली झाली असतील. "येणार की नाही ते एका शब्दात कळव. भेटवस्तू वगैरे आणू नकोस," असं तिनं लिहिलं होतं. खाली सहीच्या जागी पुस्तक वाचणारं बदक होतं. लहानपणापासून ती सहीऐवजी हेच बदक काढते. बालवाडीच्या दारावरही तेच रंगवलंय. बदकाखाली बोटभर जागा उरली होती. कागद वाया घालवणं ताईला जमत नाही. तिनं आपल्या सवयीनं कागद उलटा फिरवला आणि त्या पट्टीत निळ्या शाईनं लिहिलं: "तुझ्याच्यानं काही होणार नाही."

"काय होणार नाही? आँ? काय होणार नाही?" मी भिंतीला विचारलं. बुजऱ्या माणसाचा राग म्हणजे शिट्टी अडकलेला कुकर! आतल्या आत धुमसतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गॅस बंद आहे.

पण या वेळी मी ठरवलंच. नवी शाल आणायची आणि तिच्यावर ताईचं बदक भरून घ्यायचं! मोठं, वीतभर रुंद! आणि तेही संगणक वापरून, स्वतः! उत्तर शालीनंच द्यायचं!

"तुम्ही?" बायको म्हणाली.

हा एका शब्दाचा प्रश्न मला ताईच्या वाक्याहून झोंबला.

मी पत्र टेबलावर ठेवलं. ती ओळ पुन्हा दिसायला नको म्हणून कागदाची ती कड मागे दुमडली, डोळे बारीक केले आणि बदकाचा फोटो काढायला मोबाइलचं बटण दाबलं. वर पंखा गरगरत होता. त्या पंख्याला मी अजून माफ केलेलं नाही.

कोपऱ्यावर मशीनवर भरतकाम करून देणाऱ्या बाईंचं दुकान आहे. खोलीभर मशीन, मशीनभर सुया आणि आवाज असा, की पत्र्यावर गारा पडतायत! मी शाल पुढे केली आणि फोटो दाखवला.

"हा फोटो आहे," बाई म्हणाल्या.

"फोटोच आहे."

"मग मशीन त्याचं काय करणार, काका? त्याला डोळे आहेत का? सुई कुठं घालायची, कुठं वळवायची, कुठला धागा कधी घ्यायचा, सगळं टाक्या-टाक्यानं सांगावं लागतं. त्याची वेगळी फाईल बनते. देईन मी बनवून, पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात कार्यक्रम होऊन गेलेला असेल!"

"इथं गणवेशांचा डोंगर पडलाय! एवढी घाई असेल तर तुम्हीच बनवा फाईल!"

"बनवतो!" मी म्हणालो. बाई दचकल्या. मीही दचकलो.

घरी येऊन मी चित्राचे टाके करून देणारा एक प्रोग्रॅम संगणकावर उतरवला. "चित्र द्या, टाके घ्या," एवढं सोपं असल्याचा त्याचा दावा होता. पहिल्या खेपेला त्यानं बदकासकट अख्खा कागद टाक्यांनी भरून काढला! ती चिलखतासारखी शाल पांघरली असती तर ताई बालवाडीतून थेट लढाईवर गेली असती. दुसऱ्या खेपेला मी कागदाचा रंग वगळला, तर चोच गेली. चोच परत आणली तर डोळा बशीएवढा झाला. बदक असं डोळे वटारून बघायला लागलं, जणू मीच त्याचं पुस्तक पळवलंय!

"मूर्ख! नतद्रष्ट! अक्षरशत्रू!" मी टेबलावर मूठ आपटली.

"अहो, टेबल आपलं आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला.

शेवटी जमलं. चोच जागेवर, डोळा मापात, पुस्तकाची पानं वेगळी दिसतायत. आणि खाली? खाली पाणी! प्रोग्रॅमनं आपणहून बदकाखाली पाणी घातलं होतं! तळाशी सरळ निळी रेघ, तिच्यावर उसळणाऱ्या गोल गोल लाटा, रेघेखाली मासोळ्यांसारखं काहीतरी आणि डाव्या टोकाला एक बुडबुडा. मी या यंत्राला उगाच शिव्या दिल्या असं वाटून मला भरून आलं.

"बघ, बघ! याला म्हणतात कल्पनाशक्ती!"

बायको पदराला हात पुसत आली. चष्मा तिचा आत राहिला होता. "छान आहे," ती म्हणाली आणि पोळीकडे परतली.

दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन मी दुकानात गेलो. बाईंनी ती मशीनच्या पडद्यावर उघडली, मान तिरकी केली, मग आणखी तिरकी केली.

"काका, हे खाली काय आहे?"

"पाणी."

"नाही, पण हे जरा..."

बस! एवढंच पुरलं. "जरा" म्हणत म्हणत लोकांनी माझ्यासमोर भल्याभल्या लेखकांच्या वाक्यांची वाट लावली होती. जन्मभर मी गप्प बसलो होतो. ते सगळं त्या बाईंवर निघालं!

"एक टाकाही बदलायचा नाही! मुळाबरहुकूम झालं पाहिजे! मूळ बदलणाऱ्या शहाण्यांनीच आजवर सगळे घोटाळे केलेत!"

बाईंनी दात आवळले. "नाही बदलत. एकही नाही. आणि झाली की इथूनच पार्सल करते, म्हणजे तुम्हाला परत यायचा त्रास नको!"

"उत्तम!" म्हणून मी ताईचा पत्ता त्यांच्यासमोर आपटला.

दोन दिवसांनी, चहाच्या वेळी, बाईंनी शालीचा फोटो पाठवला. मी मोबाइल टेबलावर आडवा ठेवला आणि अभिमानानं बघत राहिलो. बदक जिवंत होतं हो! समोर बायको बसली होती, या वेळी चष्मा लावून.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमच्या या पाण्याला वेलांट्या कशा?"

"कसल्या वेलांट्या?"

"माझ्या बाजूनं बघा." आणि ती वाचू लागली, "तुझ्याच्यानं... काही... होणार... नाही."

मी उठून तिच्या बाजूला गेलो. तिथून पाणी नव्हतंच. ताईचं अक्षर होतं! लाटा म्हणजे अक्षरं, मासोळ्या म्हणजे वेलांट्या, बुडबुडा म्हणजे पूर्णविराम. मी वर पंख्याकडे पाहिलं. तो निर्लज्जासारखा फिरत होता. दुमडलेली कड त्यानं नेमकी बटण दाबताना उघडली होती.

"हे तुम्ही वन्संना पाठवलंत?" बायकोचा आवाज चढला. "जन्मभर पोरं शिकवली त्यांनी! आणि बालवाडीच्या शेवटच्या दिवशी सख्खा भाऊ काय पाठवतो, तर 'तुझ्याच्यानं काही होणार नाही'? वीतभर? रेशमी धाग्यात?"

मी सपाता घालूनच दुकानाकडे धावलो.

"थांबवा! पार्सल थांबवा!"

"कालच गेलं ते."

"पण त्यावर अक्षरं होती!"

"मला वाचता येतं, काका!" मशीनपेक्षा मोठ्या आवाजात बाई म्हणाल्या. "सांगत होते तर माझ्यावर खेकसलात! मला वाटलं, असेल बहीण-भावाचं काही जुनं भांडण. आणि खरं सांगू? माझंही डोकं फिरलं होतं. म्हटलं, भोगा! पूर्णविरामसुद्धा सोडला नाही मी!"

पूर्णविराम खरंच सुरेख आला होता. पण ते म्हणायची ती वेळ नव्हती.

घरी पोचतो तो बायकोनं फोन माझ्यापुढे धरला, जरा लांबूनच. त्यातून ताईचा आवाज खोलीभर पसरला होता.

"लाज वाटत नाही? मला असलं पाठवतोस?"

"ताई, ते पाणी..."

"कसलं पाणी? अक्षरं आहेत, गाढवा! आणि माझ्याच अक्षराची नक्कल करून..." ती थबकली. "माझं अक्षर तू कुठून आणलंस?"

"तुझ्या पत्रातून. बदकाखाली तूच लिहिलं होतंस."

पलीकडे शाल सळसळली.

"मी... थट्टेनं लिहिलं असेल."

"मला थट्टा वाटली नाही," मी म्हणालो. वाचकहो, ताईला असं उलट बोलायची माझी पहिलीच वेळ! आणि वाक्य बरोबर होतं.

"मग तसं कळवायचं होतंस!" ताई कडाडली. "रोज पोस्टमनची वाट बघत होते मी! कार्यक्रम उद्यावर आला, आणि अजून माझ्या भावाचं 'येतो' नाही की 'येत नाही' नाही! पत्र लिहिलं तर पत्रानंच उत्तर द्यायचं. ते टाकल्याशिवाय माझ्या दारात उभा राहू नकोस!"

फोन बंद.

मी घरातलं एक कोरं कार्ड घेतलं. "ती. ताईस, येतो." टिंबाकडे बघत बसलो नाही. पण आज टाकलेलं कार्ड उद्या पोचणार कसं? म्हणून ते खिशात घालून पहाटेच्या बसनं निघालो, ताईच्या गल्लीत उतरलो आणि तिच्या फाटकासमोरच्या लाल पेटीत ते स्वतःच्या हातानं टाकलं. आत ठण्णकन आवाज झाला.

"अरे, त्यात काय टाकलंस?" फाटकातून ताई ओरडली. अंगावर शाल होती. बदक पुढच्या पदरावर ऐटीत वाचत होतं. "ती पेटी बंद पडून वर्ष झालं! कोणी उघडत नाही ती! तुझ्याच्यानं काही..."

एवढं म्हणताना तिची नजर खाली गेली. बघणाऱ्यांना ते पाणी दिसतं. वाचता येतं ते फक्त शाल पांघरणाऱ्याला. ताईनं तोंड मिटलं आणि फाटक उघडलं.

तर वाचकहो, उत्तर मी टाकलं! ते न पोचणं हा पोस्टाचा दोष. तिकीट लावलं होतं की नाही, एवढंच आता आठवत नाही.