मेरिटचं गणित सुटलं!

शाळेच्या शेवटच्या वर्षी गणिताचं तोंडही पाहायचं नाही, हे मेरिट नायगार्डचं पक्कं ठरलं होतं! शाळा पास व्हायला तीन वर्षांचं गणित पुरतं, आणि ते तिनं कसंबसं रेटलं होतं. आता कॅल्क्युलसच्या तासाला मातीची भांडी करायची, हात कोपरापर्यंत बरबटवून घ्यायचे आणि डुलुथच्या विद्यापीठात अर्ज ठोकून द्यायचा! तिला तिथे तळ्यांचा अभ्यास करायचा होता, आणि मासे काही इंटिग्रेशन विचारत नाहीत, असं तिचं ठाम मत होतं.

शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "विद्यापीठवाले चौथं वर्षही बघतात हं. गणित सोडलंस तर अर्ज डळमळेल, घेऊन नापास झालीस तर बुडेलच. सोमवारी काय ते नक्की सांग."

मेरिट म्हणाली, सोमवार कशाला? घरी येताच तिनं मासे साफ करत बसलेल्या वडिलांना आरोळी ठोकली, "बाबा, माझं गणित सुटलं एकदाचं!"

"बरं झालं," लाइल नायगार्ड म्हणाला.

लाइल म्हणजे अस्सल मिनेसोटाचा माणूस. इथे घराला आग लागली तरी लोक "जरा ऊब आहे" म्हणतात, आणि स्वतःच्या पोरांचं कौतुक करणं म्हणजे चारचौघांत लेंगा सुटण्यासारखं. राज्याच्या जत्रेत त्याच्या डुकराचा पहिला नंबर आला, तेव्हाही तो "चालायचंच" एवढंच म्हणाला होता. पण रविवारी चर्चच्या तळघरातल्या जेवणात हॉटडिश, म्हणजे बटाटे-खिम्याचा भट्टीत भाजलेला पदार्थ, वाढून घेताना त्याचा तोल गेला.

"आमच्या पोरीचं गणित सुटलं म्हणे," तो पुटपुटला. "बरी आहे तशी."

बरी आहे! लाइल म्हणतोय! सगळ्यांचे चमचे हवेतच थांबले.

"अगं मेरिट!" बेंगटसन काकू धावत आल्या. "सगळं गणित सुटलं?"

"छे हो काकू, मला काही येत नाही!"

इथेच घात झाला. या गावात "मला काही येत नाही" असं फक्त सगळं येणारी माणसंच म्हणतात.

"खरंच सांगते, मला भागाकारसुद्धा धड जमत नाही!"

"ऐका!" काकूंचे डोळे पाणावले. "नोबेल मिळालं तरी अशीच राहा गं बाई!"

मेरिट चिडून खुर्चीवर चढली. "मी गणित सोडवलं नाही! सोडलंय! मी ढ आहे, ढ!"

मग पाद्रीबाबा गहिवरून म्हणाले, "पोरीचे पाय अजून जमिनीवर आहेत!"

तेवढ्यात कोपऱ्यात कॉफी पीत बसलेले गणिताचे ऑकरलंड सर उठले आणि खाकरले. "कॅल्क्युलसच्या वर्गात मी हिचं नाव घालतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लाइल तर चक्क हसला! ते पाहून मेरिट मुकाट खुर्चीवरून खाली उतरली. आता नाव काढायचं तर बापाचं हसू पुसायचं, आणि नाही काढलं तर नापास होऊन डुलुथला मुकायचं. सोमवारी ती तडक सरांच्या खोलीत घुसली.

"सर, तुम्हाला तरी माहीत आहे ना? तीन वर्षं तुम्हीच मला काठावर पास केलंत!"

"माहीत आहे." सरांनी घाईनं दार लावून घेतलं. "पण तुझं नाव काढू नकोस. रोज शाळा सुटल्यावर शिकवीन तुला, नापास होऊ देणार नाही, शब्द देतो! वर्गात एक डोकं कमी पडत होतं. वर्ग बंद झाला असता तर त्या तासाला मला तलावावर पोहणं शिकवायला पाठवणार होते."

"मग शिकवायचं की!"

"मला पोहता येत नाही गं!"

"अहो, मग मुख्याध्यापकांना तसं सांगायचं!"

"सांगितलं. तीनदा सांगितलं." सरांनी कपाळाचा घाम पुसला. "म्हणाले, 'ऑकरलंड, तुमचा हाच विनय पोरांनी घ्यायला हवा!'"

मेरिटनं मनातल्या मनात मातीच्या भांड्यांना हात जोडले आणि मुकाट्यानं पुस्तक उघडलं.