सरकारमान्य दुकान

वामनभाऊ रोज सकाळी दुकान उघडायचे आणि त्या दुकानात विकायला काहीही नसायचं.

नांदुऱ्याच्या बाजारातून स्टेशनकडे जाणारा रस्ता जिथे फुटतो, तिथे कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं. वेळ झाली की फळ्या निघायच्या, गादीवरची चादर झटकली जायची, काट्याची पितळी पारडी फडक्याने पुसली जायची. मग धुतलेली टोपी डोक्यावर ठेवून वामनभाऊ गादीवर बसायचे, ते दुकान बंद करण्याच्या सरकारी वेळेपर्यंत. मागच्या मांडणीवर माल नव्हता, आणि धूळही नव्हती.

या दुकानावर पूर्वी 'सरकारमान्य गांजा व भांगेचे दुकान' अशी ठसठशीत पाटी होती. नवं राज्य झालं, बंदीचा कायदा आमच्याकडेही लागू झाला, वामनभाऊंचा परवाना रद्द झाला, आणि पाटी पुसा म्हणून जमादार सांगून गेला. वामनभाऊंनी स्वतः शिडीवर चढून फक्त 'गांजा व भांगेचे' एवढे शब्द पुसले. जमादार चिडला, तर त्याला म्हणाले, "सरकार अन् दुकान या दोन गोष्टीवर त बंदी नाई ना अजून?"

राहिलं ते असं: 'सरकारमान्य', मग हातभर मोकळी जागा, मग 'दुकान'. परगावचा माणूस हमखास थबकायचा.

"काय भेटते हो इथं?"

"सध्या काही नाई. बसा."

गावाने मग त्यांचं नावच 'सरकारमान्य' ठेवलं. त्यांना ते आवडत असावं. निदान ते कधी रागावले नाहीत.

आता वामनभाऊ नाहीत. दुकानाच्या जागी सायकली भाड्याने मिळतात. मी त्या कोपऱ्यावरून जाताना अजून पाय जरा हळू टाकतो. त्यांच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण त्यांच्याबद्दल गावात ज्या गोष्टी सांगतात त्या सगळ्या हसवणाऱ्या आहेत, आणि मला लिहायला बसलं की हसू येत नाही.

आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण एके काळी आपल्या वऱ्हाडात गांजा उघड विकला जाई. ठेक्याचा लिलाव होई. सातपुड्यापलीकडच्या निमाडातून मोहोरबंद पोती यायची, ती सरकारी गुदामात उतरायची, आणि तिथून मोजून माल ठेकेदाराला मिळायचा. एका माणसाला किती द्यायचा, कोणत्या वेळात द्यायचा, कोणाला द्यायचाच नाही, सगळं ठरलेलं. वामनभाऊंच्या वडिलांकडे हा ठेका होता, त्यांच्यामागे तो वामनभाऊंकडे आला. वामनभाऊंना त्यात काडीची लाज नव्हती. तहसील कचेरीतला कारकून जसा आपल्या खुर्चीविषयी बोलतो, तसे ते आपल्या गादीविषयी बोलत. स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात चिलीम तोंडाला लावली नाही. विचारलं तर म्हणत, "हलवाई जिलबी खाते का?"

बंदी आली त्या दिवसाची गोष्ट गावात अजून सांगतात. दवंडी देणारा म्हातारा बोळका होता. 'गांजाबंदी येऊन राह्यली हो' असं तो ओरडत गेला, पण दातांअभावी लोकांना ऐकू आली ती 'गांजाबंडी'. बंडी म्हणजे आमच्याकडे बैलगाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे ही गर्दी! कोणी धोतराचा सोगा पुढे धरून, कोणी रिकामी पिशवी घेऊन. पार सोनाळ्याकडून चार म्हातारे आले होते.

"वामनभाऊ, बंडी कवा येते?"

"बंडी नाई बापाहो, बंदी! बंदी!"

एक म्हातारा बराच वेळ विचार करून म्हणाला, "मंग त्या बंदीत किती माल येईन?"

वामनभाऊ ही गोष्ट स्वतः सांगायचे, आणि शेवटी हसायच्या ऐवजी म्हणायचे, "एवढे भोळे लोक, मास्तर. अन् यायच्यासाठी कायदा."

मास्तर म्हणजे मी. शाळेत मराठी आणि व्याकरण शिकवायचो आणि संध्याकाळी वाचनालय सांभाळायचो. वामनभाऊ दुकान बंद करून तिथे यायचे ते वर्तमानपत्रात एकच बातमी शोधायला: बंदी उठली का? ती न सापडल्यावर जो कोणी समोर असेल त्याच्याशी वाद सुरू करायचे. त्यांना दुकान परत हवं होतं. दुसरं काहीही नको होतं. बायको लवकर गेली होती, मूल नव्हतं, थोडी शेती बटईने दिली होती आणि तिच्यावर त्यांचं भागत होतं. "पोटासाठी नाई मांगत मी," ते म्हणत. "दुकान चालू पाह्यजे, बस. येणाऱ्यानं परत जाऊ नाई."

येणारा कोण, हे आम्ही कोणी विचारलं नाही. गंजेटी, दुसरं कोण, असं आम्ही समजून चाललो होतो.

एका गणेशोत्सवात आम्ही वाचनालयात वादविवादच ठेवला. विषय, गांजाबंदी उठवावी काय. विरुद्ध बाजूला आमचे हेडमास्तर होते, खादीधारी, सूत कातणारे, करारी माणूस. वामनभाऊ उभे राहिले.

"दारू प्यालेला माणूस बायकोवर हात उगारते. गांजा प्यालेला माणूस तिच्याच हातच्या दोन भाकरी जास्त खाते. आता मले सांगा, घरात कोण बरा?"

बायका मागच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उत्तरली, "दोन भाकरी थापते कोण, वामनभाऊ? कमवते कोण?"

हशा ओसरल्यावर हेडमास्तर शांतपणे बोलले. त्यांनी स्वतःच्या भाच्याबद्दल सांगितलं. हुशार मुलगा, अकोल्याला शिकायला होता, चिलमीच्या नादाला लागला आणि त्याचं डोकं फिरलं. आता घरच्या ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसतो. मला वाटलं, वामनभाऊ आता काहीतरी फटकळ बोलतील. ते टोपी काढून उभे राहिले.

"मी याचं उत्तर देत नाई," ते म्हणाले. "याले उत्तर नाई. फक्त एक म्हणतो हेडमास्तर, तुमच्या भाच्याले ज्यानं देल्ला, त्यानं वजन नाई पाह्यलं अन् वयही नाई पाह्यलं. बंदीनंतर माल गेला नाई. मी गेलो."

हेडमास्तर जिंकले. जिंकल्यावर ते वामनभाऊंना घरापर्यंत सोडायला गेले, हे मी पाहिलं आहे.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. ते लांब केसांचे गोरे तरुण तेव्हा हिंदुस्थानभर हिंडत. त्यांतला एक मेल गाडीतून पाणी प्यायला नांदुऱ्याला उतरला आणि गाडी निघून गेली. गळ्यात रुद्राक्ष, पायात काही नाही. पोरांचा घोळका त्याला पाटी दाखवायला घेऊन आला, आणि इंग्रजीसाठी मला शाळेतून बोलावलं. पाहुण्याचा प्रश्न सरळ होता, गांजा मिळेल का?

"परवाना रद्द आहे म्हणाव," वामनभाऊ म्हणाले. "अन् याले इचारा, याच्या देशात गांजाले मोकळीक आहे का?"

मी विचारलं. तो म्हणाला, तुरुंगात टाकतात.

"वा रे वा! मोठमोठ्या देशायनं सभा भरवून गांजाले अफूच्या पंगतीत नेऊन बसवलं. आमच्या सरकारनं मान हलवली. माया दुकानाले कुलूप लागलं. अन् आता यायचेच पोरं मले इचारतात, माल आहे का म्हून!"

हे सगळं मला जमेल तसं मी इंग्रजीत सांगितलं. तो पोरगा इतका हसला की गादीच्या कडेवर बसून डोळे पुसू लागला. वामनभाऊंनी त्याला भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊ घातला. मग तो पुन्हा रडला, पण ते ठेच्यामुळे.

निघताना वामनभाऊंनी मला विचारायला लावलं, "तुया मायले ठाऊक आहे का तू कुठं आहेस ते?" पोराने खांदे उडवले. वामनभाऊ त्याला पुढच्या गाडीत बसवून आले आणि त्या दिवशी वाचनालयात वाद घालायला आले नाहीत.

महाशिवरात्रीच्या आसपास मात्र वामनभाऊ वेगळेच असत. त्या दिवसांत बैराग्यांच्या टोळ्या गाडीतून उतरत, कोणी सातपुड्याकडे, कोणी नर्मदेकडे निघालेले. वामनभाऊ दुकानाच्या पायरीवर उभे राहून प्रत्येकाला विचारत, "महाराज, डाव्या हाताची करंगळी अर्धी, असा कोणी पाह्यला का?" एका वर्षी शाळेला सुट्टी होती आणि मी तिथेच बसलो होतो. मी विचारलं, करंगळी कोणाची?

"उत्तमची. माया धाकट्या भावाची."

मला त्यांना भाऊ आहे हेच माहीत नव्हतं. ते काटा पुसत पुसत सांगत गेले. लहानपणी कडबा तोडताना विळ्याने उत्तमची करंगळी अर्धी गेली. मिसरूड फुटायच्या आत तो बैराग्यांच्या एका जमातीबरोबर निघून गेला. कारण कोणालाच कळलं नाही. बऱ्याच वर्षांनी, शिवरात्रीच्या गर्दीत, दुकानाच्या गादीसमोर एक हात पुढे आला. एक तोळा, म्हणाला. वामनभाऊंनी तोंड पाहिलं नाही, आधी करंगळी पाहिली.

"घरात ये असं नाही म्हटलं तुम्ही?" मी विचारलं.

"कसं म्हणू? संन्याशाले पूर्वाश्रमीचा उंबरा ओलांडता येत नाई, मास्तर. नातं सांगता येत नाई, इचारता येत नाई. पण दुकानाले उंबरा कुठी असते? गिऱ्हाईक म्हून कोणीही येऊ शकते. दरवर्षी यायचा. 'किती?' 'एक तोळा.' एवढंच बोलणं. मी एकदा मोजायचो, मंग पारडं पुसायचो, मंग पुन्हा मोजायचो. लोक मागून ओरडायचे, वामनभाऊ, सोनं इकता का? दुकानामागंच घर, माय मधल्या दाराच्या फटीतून पाहे. माय गेली त्या वर्षी त्यानं दाराकडं पाह्यलं, मी नाई म्हून मान हलवली. त्यानं पुडी घेतली अन् गेला."

"आणि बंदीनंतर?"

"एक डाव आला म्हणतात. मी सुलतानपूरले लग्नाले गेलो होतो. दाराले कुलूप होतं. लोकायनं त्याले सांगतलं, ठेका उठला. मंग काऊन येईन? कोणत्या नात्यानं येईन?"

त्यानंतर मी वाचनालयात वर्तमानपत्र आधी स्वतः चाळून ठेवू लागलो. बंदी उठल्याची बातमी कधीच नव्हती. उलट, ऐकू यायचं ते हे की दिल्लीत आणखी कडक कायदा होऊ घातला आहे.

पुढे काही वर्षांनी, अशाच शिवरात्रीच्या दिवसांत, दुपारी एक म्हातारा बैरागी सावलीसाठी पायरीवर टेकला. वामनभाऊंची दृष्टी तेव्हा अधू झाली होती. त्यांनी सवयीने करंगळीचं विचारलं.

"छोटी उंगली आधी?" बैरागी म्हणाला. "दुबले से? कम बोलने वाले?"

वामनभाऊंच्या हातातलं फडकं थांबलं.

"आप नांदुरा वाले ठेकेदार हो? वो तो हर साल आपके यहाँ से पुड़िया लाते थे. खुद कभी पीते ही नहीं थे. हम लोगों में बाँट देते. कहते, प्रसाद है, भाई के हाथ का."

वामनभाऊ मांडणीला हात टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "पीत नोयता?"

"नहीं."

"कसा आहे तो?"

बैराग्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"अच्छे थे," तो म्हणाला. "बहुत अच्छे थे."

तो उठला, झोळी खांद्याला लावली. वामनभाऊ घाईघाईने पायरीवर आले. या माणसाने आयुष्यात सरकारी नियमाबाहेर गुंजभर माल दिला नव्हता की वेळेबाहेर फळी उघडली नव्हती. ते म्हणाले, "महाराज, त्याले सांगजा, दुकान चालू झालं. सरकारनं मान्य केलं म्हणाव. कवाही ये."

"कह देंगे," बैरागी म्हणाला, आणि स्टेशनच्या रस्त्याने निघून गेला.

आम्ही दोघं बसून राहिलो. समोरून कापसाच्या बंड्या जात होत्या. वामनभाऊंनी विचारलं, "मास्तर, तुमी व्याकरण शिकवता. मी इचारलं, कसा आहे. त्यानं 'हैं' म्हटलं का 'थे' म्हटलं?"

त्यांना खोटं सांगणं मला जमलं नसतं. "'थे' म्हटलं, वामनभाऊ."

"हाव. मलेही तसंच ऐकू आलं."

त्यांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "अन् तरी निरोप देतो म्हणला."

"हो."

"भला माणूस," वामनभाऊ रस्त्याकडे पाहत म्हणाले. "त्याले च्या पाजाचा राहून गेला."