अकरा म्हणजे अकरा!

"उद्या बरोब्बर अकराला माल पडणार! एक मिनिट इकडेतिकडे झालं तर मिशा उतरवीन!"

पंपमास्तरांनी सासूबाईंना छातीठोकपणे सांगून टाकलं. वेळेच्या या वेडापायी सगळे त्यांना मिनिटराव म्हणत. खाणीतल्या दगडाची भुकटी पाण्यात कालवायची आणि पाइपातून शंभर किलोमीटरवरच्या कारखान्यात ढकलायची, हे त्यांचं काम. ना ट्रक, ना धूळ! उद्घाटन झकास पार पडलं की ते मुख्य पंपमास्तर होणार होते, आणि 'लेक दिली ती नळवाल्याला' हे सासूबाईंचं पालुपद कायमचं बंद पडणार होतं.

संध्याकाळी पाचला त्यांनी खाणीवरून दोन तासांचा माल सोडला, मागून पाइप धुवायचं पाणी लावलं आणि सकाळी कारखान्यावर हजर झाले. पाइपाच्या तोंडावर पडदा, पडद्यापुढे खुर्च्या, पहिल्या रांगेत सासूबाई. अकराला पाच कमी, आणि उद्घाटनाच्या पाहुण्यांचा पत्ताच नाही!

"थांबवा तो माल!" कारखान्याचे साहेब कानाशी येऊन किंचाळले.

"थांबवला की तळाशी बसतो, साहेब! मग शंभर किलोमीटर पाइप उकरत बसायचं!"

"मग हळू येऊ द्या!"

"हळू केला तरी बसतो!"

अकराच्या ठोक्याला पडद्याआड काळा चिखल धबाधबा कोसळू लागला. साहेबांनी घाईघाईने बँड मोठ्याने वाजवायला लावला. मिनिटरावांना रडूच आलं. इतकी अचूक वेळ, आणि बघायला काळं कुत्रं नाही!

एकला माल संपला. मागोमाग पाणी आलं, आणि पाण्याच्या मागोमाग दीड वाजता पाहुणे! त्यांनी बटण दाबलं, पडदा सरकला, आणि निवळशंख पाण्याची धार! साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मिनिटराव खुलासा करायला पुढे सरसावले, तोच पाहुणे माइकवर गहिवरले.

"शंभर किलोमीटरवरून पाणी आणलंत! आता या गावाला टंचाई म्हणून नाही! कोणाची ही करामत?"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! साहेबांनी मिनिटरावांना पुढे ढकललं.

"यांची! आजपासून हे मुख्य पंपमास्तर!"

"आमचे जावई बरं का!" सासूबाई शेजारणीला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मिनिटराव ऐटीत कारखान्यावर आले, तर फाटकापासून पार रस्त्यापर्यंत बादल्यांची रांग! सगळ्यात पुढे सासूबाई, दोन्ही हातांत बादल्या.

"जावईबापू, पाणी रोज किती वाजता येतं?"

मिनिटरावांनी घड्याळाकडे पाहिलं, साहेबांच्या बंद खिडकीकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदाच म्हणाले,

"तसं... नक्की नाही सांगता येणार, आई!"