चौथ्या भागासाठी

रविवारी सकाळी पाणीपट्टी खात्यातल्या एका कारकुनाने माळा साफ करायचं ठरवलं. (म्हणजे बायकोने ठरवलं. त्याने मान हलवली.) घडीची शिडी लावून तो वर चढला आणि बघता बघता रद्दीचे दोन गठ्ठे बांधून खाली सोडलेसुद्धा. मग हाताला लागल्या सासऱ्यांच्या जुन्या साहसकथा.

"एकच पान बघू," म्हणून त्याने मांडी घातली, आणि तिथेच सगळं मुसळ केरात गेलं. समुद्राखालचं शहर काय, पालीवर स्वार झालेली राणी काय, दर दहा पानांना एक ज्वालामुखी काय. आजच्या माणसाला हे वाचून हसू यायला हवं. त्यालाही येत होतं. फक्त हसता हसता पान उलटायला तो विसरत नव्हता. नायक तर असा पठ्ठ्या, की मगरींच्या खड्ड्यावर लोंबकळतानाही टोपी सरळ करायचा.

"अहो, झालं का?" खालून बायकोने विचारलं. नेमकी तेव्हाच राणी दोर कापत होती, त्यामुळे उत्तर द्यायचं राहून गेलं. स्वारी नेहमीसारखी काम टाकून केस कापायला सटकली, असं समजून बायकोने शिडी शेजारच्या वहिनींना देऊन टाकली.

इकडे तिसरा भाग संपला. नायक एका हाताने लटकतोय, दोराचा शेवटचा धागा तुटतोय, आणि खाली छापलंय, 'सुटका कशी झाली? वाचा चौथ्या भागात.' कारकुनाने सगळी थप्पी उपसली. पाचवा होता, सहावा होता, चौथा नव्हता. तो त्याने स्वतःच, अंगात उत्साह होता तेव्हा, गठ्ठ्यात बांधला होता. आणि आता फाटकाशी रद्दीवाल्याचा तराजू वाजत होता.

"अगं थांब, देऊ नकोस!" तो ओरडला. तिथवर कुणाला ऐकू जाणार? घाईघाईने शिडीवर पाय टाकायला गेला, तर पायाखाली नुसती हवा.

अशा वेळी नायक कमरेचा पट्टा कड्याला बांधून झोका घेतो. आपल्या कारकुनाच्या कमरेला पायजम्याची नाडी होती. ती ओढून काढून त्याने एक जुना पडदा माळ्याच्या कडीला बांधला, आणि देवाचं नाव घेऊन उतरायला लागला. पडदाही सासऱ्यांच्याच काळातला निघाला. तो टरकन फाटला आणि कारकून थेट धुण्याच्या बादलीत बसता झाला. (बादली भरलेली होती.)

एका हाताने पायजमा सावरत, लंगडत, निथळत तो फाटकाशी पोचला. रद्दीवाला तराजू बाजूला ठेवून पायरीवर वाचत बसला होता.

"चौथा भाग," कारकून धापा टाकत म्हणाला.

"तुम्ही माळ्यावर होतात?" बायको बघतच राहिली. "मग उतरलात कसे?"

उत्तर द्यायला सवड होती कुणाला? रद्दीवाल्याच्या हातातलं पुस्तक ओढून त्याने पहिलं पान उघडलं. 'त्या भयंकर संकटातून सुखरूप सुटल्यावर,' लेखकाने लिहिलं होतं, 'तो आपल्या तंबूत चहा पीत बसला.'

कसा सुटला, अवाक्षर नाही. लेखक हयात असता, तर कारकुनाने त्याचं नळाचं कनेक्शनच तोडलं असतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी सुजलेला घोटा दाबत विचारलं, "हे कसं झालं?" तेव्हा मात्र त्याचा लेखकावरचा राग पार उतरला. बिचाऱ्याला काय काय लपवायचं असेल, कुणास ठाऊक.

"त्याचं काय आहे, डॉक्टर," तो म्हणाला, "एका भयंकर संकटातून सुखरूप सुटल्यावर..."

"थांबा, मी सांगते," म्हणत बायकोने खुर्ची पुढे ओढली, आणि पहिल्या भागापासून सगळं सांगितलं. नाडीसकट.